किल्ली कुणाकडे आहे?

प्रिय ढोलवालीस,

रात्री साडेबाराला तुझे तीन मेसेज. 'सर, प्लेसमेंटसाठी रेझ्युमे पाठवतेय, इन्स्टा डिलीट करू का? कंपन्या बघतात म्हणे. पथकाचे सगळे रील्स आहेत त्यावर.'

करू नकोस. गणपतीत ढोल वाजवते म्हणून जी कंपनी नाक मुरडेल, तिथे तू न गेलेलंच बरं. अकाउंट प्रायव्हेट कर, कुणी टॅग केलं तर आधी तुझी परवानगी लागेल अशी सेटिंग लाव, फोनमधले कॉन्टॅक्ट्स अपलोड होणं बंद कर. पथकाच्या पब्लिक पेजवर मात्र तू दिसतच राहशील, तुझं अकाउंट प्रायव्हेट केल्याने तो व्हिडिओ झाकला जात नाही. दिसू दे की!

माझी चिंता वेगळी आहे. तुझा रेझ्युमे उघडला तर वरच कॉलेजचा ईमेल. लिंक्डइन त्याच ईमेलवर, तुझे प्रोग्रॅम ठेवलेत ते गिटहब त्याच ईमेलवर, प्रोजेक्ट रिपोर्टची ड्राइव्ह लिंकसुद्धा कॉलेजच्याच अकाउंटातली. म्हणजे चार वर्षं राबून घर बांधलंस आणि किल्ली कॉलेजच्या सिस्टम ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये. लोकांना काय दिसेल याने झोप उडाली तुझी, पण किल्ली कुणाकडे आहे, हे एकदाही विचारलं नाहीस.

निकालानंतर ते अकाउंट कधी बंद होईल, ते तुझ्या हातात नाही. कुठे महिन्याभरात होतं, कुठे वर्षाने. मग नव्या लॅपटॉपवरून लॉगिन करायला जाशील, कोड त्या मेलवर जाईल, आणि तो मेल उघडणारच नाही. 'टीपीओ (प्लेसमेंट बघणारे) सर बघून घेतील' म्हणू नकोस. तुझ्या लिंक्डइनमध्ये ते काहीही करू शकत नाहीत.

म्हणून क्रम नीट पाळ. आधी स्वतःचा एक साधा ईमेल काढ: नाव आणि आडनाव, बस. जन्मसाल नको, 'क्वीन' नको. (जीमेल टिंब मोजत नाही, त्यामुळे टिंबाच्या जागा बदलून वेगळा पत्ता होत नाही.) त्यावर टू-स्टेप लाव, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पायरी. गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेव. स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये ठेवलेस, तर फोन हरवला की कोडही गेले. रिकव्हरीचा नंबर तुझ्या नावावरचा आणि रिचार्ज चालू असलेला हवा. फुकट मिळालेलं सिम नको. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि तुझा ओटीपी त्याच्या फोनवर वाजतो.

आता लिंक्डइन आणि गिटहब दोन्हीकडे हा ईमेल प्रायमरी कर. गिटहबवरून कॉलेजचा ईमेल मात्र काढू नकोस, मेलबॉक्स मेल्यावरही तिथे राहू दे. जुन्या कमिट्स, म्हणजे प्रोग्रॅममध्ये तू नोंदवलेला एकेक बदल, त्या पत्त्याने तुझ्याशी जोडलेल्या आहेत. पत्ता काढलास की प्रोफाइलवर तुझं काम दाखवणारे ते हिरवे चौकोन गेले. ड्राइव्हसाठी गूगल टेकआउटमध्ये, म्हणजे आपला डेटा बाहेर काढायच्या सोयीत, 'ट्रान्सफर' आहे, कॉलेजने ते चालू ठेवलं असेल तर. तिथे फाइल हलत नाही, तिची प्रत निघते आणि प्रतीची लिंक नवी असते. म्हणजे रेझ्युमेतल्या सगळ्या लिंका बदलायच्या, आणि मग इन्कॉग्निटोत उघडून बघायच्या. 'रिक्वेस्ट ॲक्सेस' आलं तर रिक्रूटरलाही तेच दिसणार.

एक प्रयोग कर. तुझ्या कुठल्याही पब्लिक कमिटच्या वेब-पत्त्यापुढे 'डॉट पॅच' (.patch) लिहून एंटर दाब. दुसऱ्याच ओळीत तुझं नाव आणि ईमेल उघडे पडलेले दिसतील. गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल खासगी ठेवण्याची सोय आहे, ती एक 'नोरिप्लाय' पत्ता देते. पण नुसतं टिक करून भागत नाही, तोच पत्ता लॅपटॉपवरच्या गिट कॉन्फिगमध्ये, म्हणजे गिटच्या सेटिंगमध्येही घालावा लागतो. तिथेच सगळे फसतात. आणि जुन्या कमिट्स आहेत तशाच राहतात, हे लक्षात ठेव.

आता नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, तू तेच लिंक्डइनच्या पहिल्या चौकटीत उतरवलंस. म्हणून एचआर तुला आडनावाने हाक मारते, आणि ते तुला 'कोल्ड' वाटतं! ज्ञानेश्वर 'डी'ने सुरू करायचा की 'जी'ने, वैष्णवीच्या शेवटी 'आय' की 'वाय', हे आपल्याकडे प्रत्येक कागदावर वेगळं असतं. मार्कशीटवरचं स्पेलिंग धर आणि सगळीकडे तेच चालव. गिटहबचं हँडल (युजरनेम) आठवीतलं दिसतंय, ते आत्ताच बदल. रेपोच्या (प्रोजेक्टच्या फोल्डरच्या) जुन्या लिंका नव्याकडे वळतात, प्रोफाइलची वळत नाही, आणि सुटलेलं हँडल कुणीही उचलू शकतं. रेझ्युमे पन्नास ठिकाणी गेल्यावर बदलून उपयोग नाही.

त्या पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑथर' म्हणून तुझ्या सीनियरचं नाव आहे, माहीत आहे? त्याची वर्ड फाइल घेऊन भरलीस ना? वर्डमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' करून साफ कर आणि पीडीएफ पुन्हा काढ. आधार क्रमांक, वडिलांचं नाव, जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता हेही काढ. लग्नाचा बायोडेटा नाही हा.

शाळेतला जुना जीमेल टाकून देऊ नकोस. इन्स्टाची किल्ली तिथेच आहे, आणि दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल पुसून टाकू शकतं. महिन्यातून एकदा उघडत जा.

किल्ली, किल्ली म्हणून मी डोकं खातोय, कळतंय मला. मुलं हसतात, हसू देत. निकालानंतर 'सर, लॉगिन होत नाहीये' म्हणून फोन करणारीही तीच असतात, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

रविवारची दुपार दे या कामाला, पथकाच्या सरावाआधी उरकेल. झालं की नव्या ईमेलवरून मला एक ओळ टाक. कॉलेजच्या पत्त्यावरून आलेलं मी उघडणार नाही.

— सर