साठी उलटल्यावर क्रोशा शिकायचा आहे, पण बोटं आखडतात. सुरुवात कशी करू?

शिकता येईल. फक्त पांढरा बारीक दोरा आणि स्टीलची बारीक सुई घेऊन थेट रुमालाची लेस करायला बसू नका. नवशिक्याचे निम्मे हाल तिथेच होतात. सुई 5 मिमीची, जाड मऊ मुठीची घ्या. लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची हवी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही आणि उगाच चष्म्याला बोल लागतो.

सुई पेन्सिलीसारखी चिमटीत न धरता सुरीसारखी मुठीत धरून बघा. आखडलेल्या बोटांना सहसा हेच सोसतं. पंधरा-वीस मिनिटांनी हात मोकळे करा. दुखत असताना रेटू नका.

पहिले दोन-तीन दिवस नुसत्या साखळ्या (सुईवरच्या फासातून धागा ओढून केलेले एकामागून एक फास) घाला, त्याही सैल. साखळी आवळते, कारण सुईच्या टोकावरच्या आकड्याखालच्या निमुळत्या भागात फास तयार होतो. प्रत्येक फास त्यामागच्या पूर्ण जाडीच्या दांड्यावर आणा आणि मगच पुढचा घाला. तरीही घट्टच येत असेल, तर साखळीपुरती 5.5 किंवा 6 मिमीची सुई वापरा.

मग 16 साखळ्या घाला. सुईवरचा फास मोजायचा नाही. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब (क्रोशाचा बुटका, साधा टाका) घाला: सुई आत घाला, धागा ओढून आणा (आता सुईवर 2 फास), पुन्हा धागा घ्या आणि दोन्हींतून एकदम बाहेर काढा. पुढच्या प्रत्येक साखळीत असंच करा, ओळीत 15 खांब भरतील. 1 साखळी घाला, काम उलटा आणि अगदी पहिल्याच खांबाच्या डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घाला. वळणाची ही साखळी खांब म्हणून मोजू नका.

चौकोनाचा त्रिकोण होतो तो इथेच. 14 भरले तर बहुधा शेवटचा खांब सुटला. तो कडेला दडून बसतो. 16 झाले तर एकाच खांबात दोनदा विणलंत किंवा वळणाच्या साखळीतही सुई घातलीत. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबात सेफ्टी पिन अडकवा आणि प्रत्येक ओळ मोजा. कंटाळवाणं आहे, पण दहा ओळी उसवण्यापेक्षा बरं.

गोल विणकाम नंतर. त्यात मुके खांब 6, 12, 18 असे दर फेरीला 6 ने वाढतात. कडेला लाटा आल्या तर खांब जास्त झालेत, वाटी झाली तर कमी पडलेत.

छापील नमुना घेताना तो अमेरिकी की ब्रिटिश, हे आधी बघा. अमेरिकी 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश नमुन्यात त्यालाच 'डबल क्रोशे' म्हणतात.

चौकोन पुरा झाला की 15 सेमी धागा ठेवून कापा, टोक शेवटच्या फासातून ओढून घ्या आणि बोथट सुईने टाक्यांमध्ये उलटसुलट ओवा. नुसती गाठ मारून कापलंत, तर धुताना सुटू शकतं.