पाम घ्यायच्या आधी वर बघ

भावा, नर्सरीत रॉयल पामचं रोप गुडघ्याएवढं दिसतं, पण ते साठ फुटांच्या वर जातं. वाळलेली झावळी पडली की खाली लावलेल्या गाडीचा पत्रा चेपतो. दीड-दोन गुंठ्याच्या प्लॉटला बॉटल पाम बरा. सावकाश वाढतो आणि साधारण दहा फुटांच्या आसपास थांबतो. फॉक्सटेलही चालेल, पण विजेच्या तारेखाली नको. पामचा शेंडा एकच असतो. तारेला लागला म्हणून तो छाटलास तर एकखोडी पाम मेलाच समज. पामची मुळं मात्र तंतुमय असल्यानं भिंतीला सहसा त्रास देत नाहीत. भेरली माड हाही पामच, देखणा खरा, पण एकदा फुलायला लागला की काही वर्षांत संपतो, आणि फळांच्या रसानं अंगाला खाज सुटते. घरात लहान पोरं असतील तर नकोच.

कोल्हापुरात पंचगंगा नदीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं. तिथं खड्ड्यात मुरूम मिसळ आणि रोप थोडं उंचवट्यावर लाव. लावणी जूनचे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर.

झाडांत माझं पहिलं मत ताम्हणाला. आपलं राज्यफूल, पाणी मानवतं, उन्हाळ्यात जांभळं होतं. बहावा कोरड्या, निचऱ्याच्या कोपऱ्यात. अंगणात सावलीला बकुळ. गुलमोहर घराजवळ नको, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. आणि उंबर-पिंपळ कुंपणाच्या भिंतीत आपोआप उगवले तर लहान असतानाच काढ.