रचनाकाराचा चरितार्थ

प्रश्न : माझी मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकते आणि पुढे अभिजात संगीताची रचनाकार व्हायचे म्हणते. आजच्या काळात असा तरुण रचनाकार घडतो कसा आणि त्याचे घर कशावर चालते, हे एखाद्या उदाहरणावरून सांगाल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण उदाहरण मागितले आहे, म्हणून अमेरिकेच्या कॅरोलाइन शॉ यांचे देतो. १९८२ मध्ये जन्मलेल्या शॉ यांना २०१३ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या ३० वर्षांच्या होत्या आणि हा मान इतक्या लहान वयात त्यापूर्वी कुणालाही मिळाला नव्हता. गंमत अशी, की तोवर त्यांचे मुख्य काम वाजवण्याचे आणि गाण्याचेच होते. व्हायोलिनचे पहिले धडे त्यांना आईकडून मिळाले. राईस आणि येल या विद्यापीठांतील पदव्याही त्यांनी व्हायोलिनच्याच घेतल्या. रचनेच्या डॉक्टरेटसाठी त्या प्रिन्स्टनला गेल्या त्या २०१० मध्ये, आणि न्यूयॉर्कमध्ये चर्चच्या गायकवृंदात गाणे व नव्या संगीताच्या वाद्यवृंदात वाजवणे त्यांनी चालूच ठेवले.

पारितोषिक मिळालेली ‘पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस’ ही रचनाही अशाच सहवासातून आली. ब्रॅड वेल्स यांनी २००९ मध्ये स्थापन केलेल्या ‘रूमफुल ऑफ टीथ’ या आठ गायकांच्या समूहात शॉ स्वतः गात होत्या. हा समूह उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ अ‍ॅडम्स येथील कलासंग्रहालयात जमून निरनिराळ्या देशांतील कंठतंत्रे शिकत असे, आणि शॉ यांनी या सोबत्यांच्या गळ्यांसाठी रचनेचे चार भाग एकेक करून लिहिले. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा-अंतरा हाती आला की पुढचा विस्तार गायक स्वतः करतो. तिकडे बहुतेक स्वर आणि त्यांचा काळ रचनाकार लिहून देतो, त्यामुळे ते गाणारे-वाजवणारे कुणी नसले तर रचना कागदावरच राहते. शॉ यांना ही माणसे आधीच मिळालेली होती. ३० ऑक्टोबर २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरून या रचनेला पारितोषिक मिळाले.

आता पैशांविषयी. या क्षेत्रात ठराविक पगार बहुधा अध्यापनातूनच मिळतो. बाकी उत्पन्न म्हणजे वाद्यवृंद, चतुष्टये (चार वादकांचे संच) आणि संस्था मोबदला देऊन नवी रचना लिहवून घेतात ते, आणि प्रयोगांचे मानधन. पारितोषिकाने अशी कामे वाढतात, परंतु ती मिळण्याआधीची वर्षे वादनावरच काढावी लागतात.

एक वादही सांगायला हवा. ‘पार्टिटा’च्या एका भागात इन्युइट या आर्क्टिक प्रदेशातील मूलनिवासी समाजाच्या स्त्रियांच्या कंठगायनाचे तंत्र वापरले आहे आणि त्याचे श्रेय नीट दिले गेले नाही, असा आक्षेप २०१९ मध्ये इन्युइट गायिका तान्या तगाक यांनी घेतला. मला तो रास्त वाटतो, कारण ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे नाव घेणे आपल्या घराण्यांतही पहिल्या दिवसापासून शिकवले जाते.

तेव्हा आपल्या मुलीने व्हायोलिन सोडण्याची घाई करू नये. तिच्याबरोबर वाजवणाऱ्या दोघा-तिघांसाठी पाच मिनिटांची रचना तिने लिहावी, त्यांच्याकडून ती वाजवून घ्यावी आणि जे वाजवताना अडते ते त्यांच्यासमोरच दुरुस्त करावे. पुढे रचनेच्या शिक्षणासाठी प्रवेश अर्जासोबत रचना आणि ध्वनिमुद्रणे मागितली जातात, तेव्हा हेच काम हाताशी येईल.