बटण दिसतं, पण चालत नाही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: रेल्स ७ (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) वर आल्यावर जुनं रेल्स-यूजेएस (लिंक आणि फॉर्मना हातभार लावणारी जावास्क्रिप्ट) काढलं आणि टर्बो (पूर्ण रीलोड न करता पान बदलणारी लायब्ररी) बसवला. आता ‘काढून टाका’ ही लिंक दाबली की नोंद निघत नाही, नुसतं तिचं पान उघडतं. फॉर्म चुकीचा भरून ‘जतन करा’ दाबलं तर ढिम्म काही होत नाही. मेनूचं बटण पहिल्या पानावर चालतं, दुसऱ्या पानावर गेलं की बंद. कुठून सुरुवात करू?

उत्तर: तक्रारी तीन असल्या तरी तिन्ही टर्बोपाशीच येतात, पण उपाय वेगवेगळे आहेत.

लिंकचं आधी. ‘मेथड: डिलीट’ हा पर्याय यूजेएसला कळत होता, टर्बोला कळत नाही. म्हणून ब्राउझर साधी गेट, म्हणजे नुसतं पान मागणारी, विनंती पाठवतो आणि नोंदीचं पान समोर येतं. लिंकच्या डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘टर्बो मेथड’ लिहिलं की काम होईल. खात्री विचारणारा ‘कन्फर्म’सुद्धा ‘टर्बो कन्फर्म’ करावा लागतो. आमचं मत विचाराल तर काढून टाकण्यासाठी लिंक नकोच, रेल्सचा ‘बटण-टू’ हेल्पर वापरा. त्यातून खराखुरा फॉर्म तयार होतो, त्यामुळे जावास्क्रिप्ट लोड झाली नाही तरी तो चालतो. नोंद काढल्यावरचं रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारं उत्तर) ३०३ म्हणजे ‘सी अदर’ ठेवा. ३०२ ठेवलं तर तीच डिलीट विनंती नव्या पत्त्यावर पुन्हा जाऊ शकते.

फॉर्मचा दोष फसवा आहे, कारण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सगळं हिरवंगार दिसतं: विनंती गेली, उत्तर २००, म्हणजे ‘ठीक’. गोम तिथेच आहे. फॉर्म पाठवल्यावर टर्बोला एक तर रीडायरेक्ट हवं असतं, नाहीतर चूक झाल्याचं सांगणारा स्टेटस कोड. २०० सोबत आलेलं पान तो दाखवतच नाही, फक्त कन्सोलमध्ये एक ओळ टाकतो. कंट्रोलरमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) ज्या ओळीत फॉर्म पुन्हा रेंडर करता, त्या ओळीला ४२२ म्हणजे ‘अनप्रोसेसेबल एंटिटी’ हे स्टेटस द्या. चुकांचे संदेश लगेच दिसू लागतील.

आता मेनू. तुमचा कोड ‘डॉम कंटेंट लोडेड’वर, म्हणजे पान लोड झाल्याच्या घटनेवर, बसवलेला असणार. टर्बो पान बदलताना पूर्ण रीलोड न करता बॉडी बदलतो, त्यामुळे ती घटना एकदाच घडते. नवं बटण येतं, पण त्याला लिसनर (क्लिक ऐकणारा कोड) कुणी लावत नाही. दर पानाला घडणारी ‘टर्बो:लोड’ ही घटना वापरा, असं बहुतेकजण सांगतील. बरोबरच आहे, पण त्यात एक खड्डा आहे. ‘टर्बो:लोड’च्या आत थेट डॉक्युमेंटवर लिसनर लावलात, तर तो दर पानागणिक आणखी एकदा लागतो. दुसऱ्या पानावर एका क्लिकला मेनू उघडतो आणि त्याच क्षणी मिटतो. तिसऱ्या पानावर उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर बटण मेलेलं आणि विषम पानावर जिवंत! असं एकाआड एक दिसलं तर दुसरीकडे शोधत बसू नका. डॉक्युमेंटवरचा लिसनर ‘टर्बो:लोड’च्या बाहेर एकदाच लावा, किंवा स्टिम्युलसचा (टर्बोच्या जोडीची जावास्क्रिप्ट लायब्ररी) कंट्रोलर करा.

प्रश्न: ब्लेझरमध्ये (मायक्रोसॉफ्टचं सी-शार्पमधलं वेब फ्रेमवर्क) नवं अ‍ॅप केलं, डॉटनेट ८ वर. बटणाला ऑनक्लिक आहे, मेथड बरोबर आहे, पण क्लिक केल्यावर काहीच नाही. कन्सोलही कोरा.

उत्तर: डॉटनेट ८ पासून (नोव्हेंबर २०२३) ब्लेझर वेब अ‍ॅपमधलं पान रेंडर मोड (पान कुठे आणि कसं जिवंत ठेवायचं ते) सांगितला नाही तर स्थिरच येतं. सर्व्हर एचटीएमएल पाठवतो आणि मोकळा होतो, मग क्लिक ऐकणार कोण? पानाच्या माथ्यावर ‘इंटरअ‍ॅक्टिव्ह सर्व्हर’ हा मोड द्या. प्रोग्राम फाइलमध्ये त्याची सेवा नोंदवणारी आणि मॅपिंगला मोड जोडणारी, अशा दोन्ही ओळी हव्यात. सगळ्या अ‍ॅपला एकच मोड हवा असेल तर तो लेआउटवर नको, अ‍ॅप फाइलमधल्या राउट्सवर लावा. लेआउटवर लावलात तर एरर येते.

एवढं करूनही बटण गप्प असेल तर इन्स्पेक्टरमध्ये ते उघडून पाहा. अ‍ॅट चिन्हासकट ‘ऑनक्लिक’ जसंच्या तसं एचटीएमएलमध्ये दिसलं, तर इम्पोर्ट्स फाइलमधली ‘कंपोनंट्स डॉट वेब’ची यूजिंग ओळ गळाली आहे.

पान उघडल्यावर पहिले एक-दोन क्लिक वाया जातात आणि मग बटण चालतं, ही निराळी गोष्ट. प्रीरेंडरमुळे (सर्व्हर पानाचं एचटीएमएल आधीच तयार करून पाठवतो) बटण आधी दिसतं, सर्व्हरशी जोडणी नंतर होते. डॉटनेट ९ मध्ये ‘रेंडररइन्फो’वरून जोडणी झाली की नाही ते कळतं, तोवर बटण डिसेबल ठेवा.

प्रश्न: बटणाच्या वरच्या अर्ध्या भागावर क्लिक लागतं, खालच्या भागावर नाही. फ्रेमवर्कचा बग म्हणायचा का?

उत्तर: नाही. बटणावर काहीतरी पसरलेलं आहे. मेलेल्या भागावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा. बटणाऐवजी दुसराच घटक निवडला गेला, तर चोर तोच. बहुतेकदा ओपॅसिटी शून्य करून ‘लपवलेला’ पॉपअप सापडतो. ओपॅसिटी शून्य केल्याने घटक दिसेनासा होतो, पण क्लिक गिळतच राहतो. त्याला ‘व्हिजिबिलिटी हिडन’ द्या. नुसती सजावट असेल तर ‘पॉइंटर-इव्हेंट्स नन’ पुरे. बटणाचा झेड-इंडेक्स (कोणता घटक वर ते ठरवणारा आकडा) ९९९९ करून पाहिला असेल आणि फरक पडला नसेल, तर त्याच्या पालक घटकावर ट्रान्सफॉर्म आहे का बघा. असेल तर तो आकडा त्या पालकाच्या आतच मोजला जातो.