उसातलं पांढरं पाखरू : शेंडे कीड

दादा, उसाची लागण नवीन आहे, तर पानावर बसलेलं पांढरंशुभ्र पाखरू (पतंग) दिसलं की जवळ जाऊन बघा. पोटाच्या टोकाला नारिंगी-तांबूस केसांचा झुबका असेल, तर ती शेंडे किडीची मादी. ती पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने अंडी घालते आणि वर तेच केस पसरते, म्हणून पुंजका मळकट लव चिकटल्यासारखा दिसतो. तो दिसला की पानाचा तुकडा तोडून नष्ट करा, हे सगळ्यात स्वस्त काम. अळी बाहेर पडली की पानाच्या मधल्या शिरेतून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, उतरते. शिरेवर लालसर रेघ, उलगडलेल्या पानावर ओळीने भोकं. मग शेंडा वाळतो, बाजूचे डोळे फुटतात. कोष उसातच. फवारणीआधी ट्रायकोग्रामा जापोनिकम या बारीक मित्रकीटकाची कार्डं लावा, त्यातून निघणारे कीटक अंड्यातच कीड संपवतात.