पहिल्या सहा महिन्यांचे वाद्य

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी वडिलांबरोबर तू नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी येऊन गेलीस, पण तुझ्या प्रश्नाला मी नीट उत्तर दिले नाही. चहा झाला, वडिलांशी जुन्या ओळखीपाळखी निघाल्या, आणि बासरी शिकू, सतार शिकू की गिटार, हा मूळ विषय बाजूलाच राहिला. घरात आजवर कोणी वाद्याला हात लावलेला नाही, आणि एकदा वडिलांचे पैसे खर्च झाले की मागे फिरता येणार नाही, ही धास्ती तुझ्या बोलण्यात मला जाणवली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ही तीन नावे तू ज्या रीतीने ठरवलीस, ती रीत मला थोडी खटकली. बासरी तू सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात ऐकलीस, सतार मोबाइलवर आणि गिटार कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. म्हणजे तिन्ही वाद्ये तू तयार हातांतूनच ऐकलीस. त्या आवाजामागे वर्षानुवर्षांचा रियाझ असतो. तुझ्या वाट्याला पहिले सहा महिने येणारा आवाज अगदी निराळा असेल, आणि तो दिवसातून तासभर तुला स्वतःलाच ऐकावा लागेल. माझे मत असे की वाद्य त्या कच्च्या आवाजावरून निवडावे. एखाद्या संगीत विद्यालयाच्या व्हरांड्यात संध्याकाळी अर्धा तास बसून नवशिक्यांचा वर्ग ऐक. जे वाद्य वाईट वाजत असतानाही तुला तिथून उठून जावेसे वाटणार नाही, त्याच्याकडे तुझा ओढा खरा आहे असे समजायला हरकत नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. एकोणीस वर्षांचा असताना धंतोलीतल्या एका मैफलीत सतार ऐकून मी इतका भारावलो, की शिकवण्यांचे साठवलेले सगळे पैसे घालून सतार विकत घेतली. सतारीला सहा-सात मुख्य तारा असतात आणि त्यांच्या खाली अकरा ते तेरा तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा. राग बदलला की तरफाही त्या रागाच्या सुरांत मिळवाव्या लागतात. शिकवणीच्या तासातला निम्मा वेळ माझा खुंट्या पिळण्यातच जाई. तार छेडायच्या नखीने बोट दुखे, डाव्या हाताच्या बोटांवर तारेचे चरे पडत, आणि एवढे सोसूनही मींड काढताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाताना, सूर नेमक्या जागी पोचत नसे. तरीही मी ते रेटले असते. पण मे महिन्यात उकाडा असह्य झाला म्हणून सतार कुलरसमोरच्या भिंतीला टांगली, आणि पावसाळ्यात पाहतो तो तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पातळ फळीला, बारीक चीर गेलेली. दिवसभर कोरडी झळ आणि रात्रभर ओला वारा, असा मार भोपळ्याला आणि लाकडाला किती दिवस सोसणार? चूक सर्वस्वी माझी होती. नंतर कळले की जवारी, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या घोडीचा घासून साधलेला पृष्ठभाग, झिजली की ती पुन्हा काढणारा जाणता कारागीर हाताशी लागतो, आणि असे कारागीर पिढ्यान् पिढ्या जिथे आहेत ते मिरज आपल्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला, तथापि भिंतीवरच्या त्या सतारीची आठवण होऊन थोडे ओशाळल्यासारखेही झाले. तुला सतार घ्यायचीच असेल तर जरूर घे. मात्र तारा मिळवण्याचा कंटाळा येणार नाही आणि वाद्य कुलरच्या झोतापासून दूर ठेवता येईल, या दोन गोष्टींची आधी खात्री करून घे.

बासरीचे आकर्षण मी समजू शकतो. तिच्यात मिळवायच्या तारा नाहीत, ती पिशवीत मावते, आणि शिकण्यापुरती बासरी इतर वाद्यांच्या मानाने अगदी स्वस्तात मिळते. अडचण आहे ती फुंकेची. पहिले काही दिवस फुंक नुसतीच भोकावरून निसटते, डोके हलके होते, आणि घरचे काळजीने पाहू लागतात. शिवाय मैफलीत तू जी ऐकलीस ती लांब बासरी असणार. पन्नालाल घोष यांनी रागसंगीतासाठी मोठ्या बासरीचा पुरस्कार केला, आणि तेव्हापासून मैफलीत तीच रुळली. तिची सहा भोके झाकायला नवशिक्याची बोटे पुरत नाहीत. म्हणून आरंभ पांढरी पाचच्या (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराच्या) किंवा त्याहून आखूड बासरीवर करावा आणि बोटे मोकळी झाली की मोठीकडे वळावे. उन्हाळ्यात आतून तेलाचा हात फिरवत जा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत बांबू तडकतो.

गिटारविषयी शास्त्रीय संगीतातली मंडळी नाक मुरडतात, तसे मी करणार नाही. चार कॉर्ड हाताला बसले की दोन-तीन महिन्यांत मैत्रिणींच्या गाण्याला साथ करता येते, आणि इतक्या लवकर फळ देणारी वाद्ये थोडीच आहेत. पोलादी तारांनी बोटे फार सोलत असतील तर नायलॉनच्या तारांची घ्यावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र ती कधी ठेवू नये, कारण तापून तिचे जोड सुटतात आणि मान वाकते. तिच्याबद्दल माझ्याजवळ याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

आता तू न विचारलेल्या दोन वाद्यांबद्दल लिहितो. तबल्याचे नाव मी काढले तेव्हा तुझे वडील म्हणाले, "मुलींचे वाद्य नव्हे ते." त्यांच्या वयाचा मान राखून मी तेव्हा गप्प बसलो, परंतु आबान मिस्त्री या तबलावादक बाईंनी मुंबईत एकल तबलावादनाच्या मैफली केल्या त्यालाही आता कितीतरी दशके लोटली, हे त्यांना तू अवश्य सांग. तबल्याची खरी अडचण शेजाऱ्यांची आहे. फ्लॅटच्या भिंतीपलीकडे डग्ग्याचा घुमारा जेवढा पोचतो तेवढे दुसरे काही पोचत नाही, आणि एकच कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, तासभर घोटणारा विद्यार्थी शेजाऱ्यांच्या संयमाची परीक्षाच पाहत असतो. त्यातून आपल्या हवेत उन्हाळ्यात पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, सूर चढतो आणि पावसाळ्यात उतरतो. म्हणजे हातोडी हाताशी ठेवून गजऱ्यावर (पुडीच्या काठाच्या वेणीवर) आणि गट्ट्यांवर (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांवर) ठोकत बसणे आलेच.

दुसरे वाद्य पेटी, म्हणजे हार्मोनियम, जे अखेर माझे झाले. सतारीतून सुटका म्हणून मी तिच्याकडे वळलो हे कबूल करतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे पक्षपाती समज. पेटी मूळची युरोपची. आपण मांडी घालून वाजवतो तो हाताने भाता चालवायचा प्रकार कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवला. तिचे सूर कारखान्यातून ठरून येतात, म्हणून नवशिक्याचा आवाजही पहिल्या दिवसापासून सहन होतो. पण याच गुणात तिचा दोष दडलेला आहे. पट्टीवर दाबलेला गंधार प्रत्येक रागात तोच राहतो, दोन सुरांमधली मींड निघत नाही, आणि याच कारणांवरून १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली गेली, जी सुमारे तीस वर्षे टिकली. ज्याचा कान केवळ पेटीवर तयार झाला, त्याला तंबोऱ्यासमोर बसले की अवघडल्यासारखे होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तेव्हा पेटी घेतलीस तर वाजवशील ते गातही जा, आणि मोबाइलवर का होईना, तंबोरा लावल्याशिवाय बसू नकोस. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, आणि पुढे एवढा मोठा गवई झालेला हा माणूस तबला आणि पेटीही जाणत होता. कंठ आणि हात यांची अशी गाठ पडणे फार उपयोगाचे असते.

यानंतरचा विचार सोबतीचा. वाद्य एकट्याने शिकता येते, पण एकट्याने टिकत नाही. तुमच्या वस्तीत गुरुवारचे भजन असेल, तर तिथे पेटी किंवा खंजिरी वाजवणाऱ्याला कोणी नको म्हणणार नाही. तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी विदर्भात घरोघरी पोचलेली आहे, तिला हलके वाद्य समजण्याचे कारण नाही. तुझ्या कॉलेजात गाणाऱ्या मुली असतील तर गिटारला काम मिळेल. सतार किंवा बासरी घेऊन मात्र पुष्कळ काळ एकटीने बसण्याची तयारी हवी. तुझा स्वभाव त्यात रमणारा आहे की नाही, हे तुलाच माहीत.

शिक्षकाबाबत एकच सांगतो: घरापासून अर्ध्या तासाच्या आत पोचता येईल असाच शिक्षक निवड. मानेवाड्याहून सदरला आठवड्यातून दोनदा जाण्याचा उत्साह पहिल्या जुलैच्या पावसातच वाहून जातो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या की नाही, हे पहिल्या वर्षी ठरवू नकोस. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतचा तो रस्ता शिस्त लावतो हे खरे, परंतु केवळ दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा देऊन नंतर वाद्याकडे ढुंकूनही न पाहणारी मुले मी इतकी पाहिली आहेत, की प्रमाणपत्राचा विषय निघाला की मी थोडा चिडतोच.

खरेदीची घाई करू नकोस. पहिले तीन महिने वर्गातल्या किंवा उसन्या वाद्यावर काढ. सीताबर्डीच्या दुकानात वडिलांनी जुनी पेटी पसंत केली, तर विकत घेण्यापूर्वी भाता पूर्ण भरून सोडून दे आणि एकही पट्टी न दाबता तो किती वेळात खाली बसतो ते पाहा. झपाट्याने बसला तर हवा कुठेतरी गळते आहे. नंतर प्रत्येक पट्टी, काळी आणि पांढरी, सावकाश दाबून ऐक. दुकानदार एखादे गाणे झोकात वाजवून दाखवील, तिकडे लक्ष देऊ नकोस. गाण्यात न येणारे सूरच बहुधा बिघडलेले असतात.

येत्या रविवारी सकाळी नऊच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. माझी पेटी घरी आहेच, गल्लीतल्या एका विद्यार्थ्याची बासरी मागून ठेवतो, आणि भिंतीवरची सतारही खाली काढून तारा चढवून ठेवतो. चीर गेलेली असली तरी नखीचा अंदाज घेण्यापुरती ती चालेल. प्रत्येकावर वीस-वीस मिनिटे बस. तुला काय वाटले ते तू तिथल्या तिथे सांगू नकोस, मीही विचारणार नाही. घरी जाऊन चार दिवसांनी कळव. डाव्या हाताची नखे कापून ये.

तुझा शुभचिंतक,
महालातले काका