परीक्षकाचा अभिप्राय, संपादकाचा निर्णय

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. कॉलेजच्या संशोधनपत्रिकेची सहसंपादक झालीस, फार आनंद झाला. नेमणुकीच्या पत्रात ‘संपादकीय कामात साहाय्य करणे’ एवढंच लिहिलंय म्हणतेस. मग पहिल्याच बैठकीत विचार: आलेला लेख परीक्षणाला, म्हणजे विषयाच्या जाणकारांकडे तपासायला, पाठवायचा की तिथूनच परत करायचा, हे कोण ठरवणार? परीक्षक कोण निवडणार? शेवटचा होकार कोणाचा? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घे.

परीक्षक सल्ला देतो, निर्णय संपादक घेतो. आपल्याकडे याचा सर्रास विसर पडतो. दोन परीक्षकांची दोन टोकं झाली की लेख लगेच तिसऱ्याकडे ढकलतात. तिसरं मत जरूर घ्यावं, पण आधी हातातले दोन अभिप्राय नीट वाचावेत. ‘लेख चांगला आहे, स्वीकारावा’ या ओळीला वजन नाही. पुरावा कुठे कमी पडतो ते पान क्रमांकासह दाखवणाऱ्याच्या शब्दाला आहे.

परीक्षक शोधणं हे तुझं सगळ्यात अवघड काम. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकेका विषयाची माणसं मोजकी, आणि तीही एकमेकांचे गुरू, शिष्य नाहीतर सोयरे. म्हणून बाहेर बघ. समज, हलशीच्या कदंब राजघराण्यावर मराठीत लेख आला. तिथले जुने ताम्रपट संस्कृतात आहेत, तेव्हा संस्कृत जाणणारा हवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या १२०४ च्या कमल बस्तीवर, म्हणजे तिथल्या जैन मंदिरावर, लिहायचं, तर रट्ट राजांच्या काळातलं कन्नड यायला हवं. कोल्हापूरचा अभ्यासक मांडणी तपासेल. शिलालेखांचं वाचन पारखायला धारवाडचा हळेगन्नड, म्हणजे जुनं कन्नड, जाणणारा लागेल. त्याला मराठी वाचता येतं ना, तेवढं आधी विचारून घे. लेख मराठी म्हणून कन्नड जाणकार टाळला, तर नुकसान त्या लेखाचंच. हे मी फार कळकळीने सांगतोय.

नावं झाकून परीक्षण करायचं, तर पहिल्या पानावरचं नाव पुसून भागत नाही. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते तसंच राहतं. ‘माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ असं वाक्य किंवा आभारातलं मार्गदर्शकाचं नाव लेखकाला उघडं पाडतं. फाइल पाठवण्याआधी तू स्वतः उघडून बघ. लेख तुझ्याच विभागातल्या कोणाचा असेल, तर त्या लेखापुरती बाजूला हो आणि मुख्य संपादकांना तसं लेखी कळव.

संस्था प्रकाशक आहे. छपाई, खर्च, आयएसएसएनचा (नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाचा) अर्ज तिने बघावा. लेख घ्यायचा की नाही, यात तिने पडू नये. ‘आपल्या माणसाचं प्रमोशन अडलंय, एवढा पेपर घ्या’ असा फोन आला, तर तू हो-नाही काही म्हणू नकोस, मुख्य संपादकांकडे पाठव. नाही म्हणायचा अधिकार त्यांचा आहे, आणि त्याचा त्रास सोसणंही त्यांच्याच वाट्याचं. युजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य संशोधनपत्रिकांची यादी, बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. आता यादीकडे बोट दाखवून सुटका नाही, परीक्षणाची फाइलच दाखवावी लागेल.

मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) लेखकाकडूनही तपासून घे, विशेषतः तळटीपा.

सल्लागार मंडळातल्या किती जणांना आपलं नाव छापलं जातंय हे ठाऊक आहे, तेही बघ. पुढच्या अंकाआधी प्रत्येकाची लेखी संमती मागव. वर्षाला किती लेख वाचाल, हेही त्याच पत्रात विचार. ज्यांचं उत्तर येणार नाही, त्यांची नावं वगळायला मुख्य संपादकांना सांग.

तुझा,
काका